पासवर्ड विसरलेली माणसं

पासवर्ड विसरलेला माणूस आल्या आल्या "पासवर्ड विसरलो" असं कधीच म्हणत नाही. आधी तो दारात उभा राहून माझ्या टेबलावरच्या मनीप्लांटची चौकशी करतो. मग कालपर्यंत सगळं व्यवस्थित होतं असं सांगतो. मग मशीनला नावं ठेवतो, ते मशीन विकत घेणाऱ्याला नावं ठेवतो, आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणतो, "मॅडम, ते जरा उघडत नाहीये." तोवर त्याच्या घरचं निम्मं मला कळलेलं असतं. विश्रांतवाडीतल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळते. या नोकरीत किस्से जमवावे लागत नाहीत. खोलीचं दार उघडं ठेवलं की पुरतं.

आजवर कॉलेजातलं एकही मशीन माझ्याकडून बंद राहून परत गेलेलं नाही. घरी मात्र एक आहे.

ते आमच्या ह्यांचं. हे गेले त्याला आता वर्ष होत आलं. शाळेत इतिहास शिकवायचे, आणि दर रविवारी सकाळी आपल्या आईला समोर बसवून तिच्या आठवणी रेकॉर्ड करायचे. माझ्या सासूबाई लहानपणी वडिलांचं बोट धरून नागपूरला दीक्षेला गेल्या होत्या. गाडीतली गर्दी, वडिलांनी आणलेलं पांढरं कापड, त्यातून रात्रभर बसून शिवलेला परकर, सगळं त्या रंगवून सांगायच्या. आता त्यांना फारसं आठवत नाही. गोष्ट सुरू करतात, गाडीतून उतरेपर्यंत येतात आणि थांबतात. "पुढं काय झालं गं?" असं मलाच विचारतात. पुढचं सगळं त्या मशीनमध्ये आहे.

बाहेरून पासवर्ड पुसून टाकणं मला झोपेतही जमेल. पण ह्यांनी रेकॉर्डिंगचं फोल्डर एन्क्रिप्ट करून ठेवलंय. पासवर्ड पुसला तर मशीन उघडेल आणि फोल्डर कायमचं मुकं होईल. म्हणजे खरा पासवर्डच हवा. चुकीचा टाकला की खाली हिंट येते. ह्यांनीच लिहिलेली आहे: "हिला माहीत आहे."

हिला माहीत नाही.

*

आमच्या प्राचार्यांनी कुठल्याशा चर्चासत्रात सायबर सुरक्षेवरचं व्याख्यान ऐकलं आणि परत येताच परिपत्रक काढलं. सर्वांनी दरमहा पासवर्ड बदलावा, जुना पुन्हा वापरू नये, कुठेही लिहून ठेवू नये, कुणालाही सांगू नये. खाली सही आणि शिक्का. पहिला पासवर्ड त्यांनी स्वतः सगळ्यांच्या देखत बदलला. टाळ्याही झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला केबिनमध्ये बोलावणं. साहेब खुर्चीत नव्हते, खिडकीपाशी उभे होते.

"मॅडम, हे मशीन मला ओळखत नाही."

"सर, पासवर्ड?"

"तो मी परिपत्रकानुसार कुठेही लिहिलेला नाही."

"पण आठवत असेल ना?"

"परिपत्रकात आठवण्याविषयी काही नव्हतं."

मी नवा करून दिला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात म्हणाले, "मॅडम, परिपत्रक मागं घेणं बरं दिसत नाही. माझ्यापुरता तो नियम तुम्ही तोंडी शिथिल करा."

आमचे कार्यालय अधीक्षक आपटे सर सहीसाठी फाईल घेऊन शेजारीच उभे होते. त्यांनी फाईल टेबलावर ठेवली आणि अत्यंत आदरानं म्हणाले, "सर, मशीन तोंडी आदेश घेत नाही. लेखी द्यावं लागेल. आणि ते या मशीनवरच टाईप करावं लागेल."

*

आता आपटे सरांचंच सांगते. हा माणूस कुणालाही जास्तीचा शब्द देत नाही. "जेवलात का?" असं विचारलं तर "कारण?" म्हणतात. पासवर्ड टाकायच्या वेळी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढतात, आणि मग पडदा ओढतात. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आले आणि पासवर्ड आठवेना. दोन दिवस त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. हातानं लिहून टिपणं पाठवत राहिले. "आपटे सर जुन्या पद्धतीकडे वळले," असं स्टाफरूममध्ये कौतुकसुद्धा झालं. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आले, मनीप्लांटकडे बघितलं नाही, थेट म्हणाले, "चला."

त्यांच्या मशीनला सुरक्षेचे प्रश्न लावलेले होते. पासवर्ड विसरलात तर तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची, की दार उघडतं. पहिला प्रश्न, तुमच्या पहिल्या शाळेचं नाव. सरांनी नाव सांगितलं. चूक. दुसरा, तुमचा जन्म कोणत्या गावी झाला. तेही चूक. लहानपणीचं लाडाचं नाव विचारल्यावर सरांनी आधीच ओढलेला पडदा पुन्हा ओढला.

"सर, खरं उत्तर नकोय. मशीन पहिल्यांदा घेतलं त्या दिवशी तुम्ही जे लिहिलं होतंत तेच हवंय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्या दिवशी मशीननं नको त्या चौकशा केल्या होत्या. मी त्याला योग्य ते उत्तर दिलं होतं."

"कोणतं?"

"आपल्याला काय करायचंय?"

तिन्ही प्रश्नांना तेच उत्तर होतं. मशीन मुकाट्यानं उघडलं.

मी निघताना त्यांनी विचारलं, "तुमच्या घरच्या मशीनचं काय झालं?" मी हिंटबद्दल सांगितलं. "म्हणजे फाईल तुमच्याच टेबलावर अडकलेली आहे," म्हणाले, आणि मग, ते कधी करत नाहीत असं काहीतरी केलं. चहा मागवला. दोन कप.

*

खेळाचे ढोले सर मात्र अगदी उलट. त्यांचा पासवर्ड सगळ्या जिमखान्याला माहीत असायला त्यांची हरकत नव्हती. अडचण एवढीच होती की तो त्यांना स्वतःलाही माहीत नव्हता. तो त्यांच्या उजव्या हाताच्या एका बोटाला माहीत होता. "तोंडानं नाही येत हो. बोट ठेवलं की आपोआप जातं."

मुलांविरुद्ध शिक्षक असा क्रिकेटचा सामना झाला. ढोले सरांनी वय विसरून सूर मारला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. नेमकी त्याच आठवड्यात मुलींच्या कबड्डी संघाची प्रवेशिका स्पर्धेच्या वेबसाइटवर भरायची होती, आणि ते माझ्याकडे आले तोच शेवटचा दिवस. डाव्या हाताचं बोट बटणांवर नुसतंच गोंधळून उभं. नवा पासवर्ड मागवावा तर त्याचा मेसेज सरांच्या आधीच्या क्रीडासंचालकांच्या फोनवर जाणार, आणि ते निवृत्त होऊन मुलाकडे परदेशात.

संघाची कॅप्टन दारात उभी. तिच्या मागं बाकीचा संघ. कुणी काही बोलत नव्हतं. त्यामुळे तर ढोले सरांना जास्तच घाम फुटला होता.

मी त्यांना खुर्ची भिंतीकडे वळवायला लावली. "सर, मशीनकडे बघू नका. डोळे मिटा. रोज सकाळी येता, शिट्टी टेबलावर ठेवता, खुर्ची ओढता. आता टाईप करा. हवेतच."

ढोले सरांनी डोळे मिटले. प्लास्टरमधला हात वर उचलला. तो आधी डावीकडे गेला, मग खाली, मग जरा वर, मग झपकन उजवीकडे. मी त्यांच्या पाठीमागं उभी राहून हात कुठल्या ओळीत जातोय ते बघत होते. पहिल्यांदा चुकलं. परत करायला लावलं.

एवढ्यात आपटे सर दारातून डोकावले. बराच वेळ बघत राहिले आणि मुलींना म्हणाले, "चौकार आहे की वाइड, ठरलं की कळवा."

तिसऱ्या वेळी उघडलं. मुली ओरडल्या, पण ढोले सरांना डोळे उघडायला कुणी सांगितलंच नाही. प्रवेशिका भरून झाली तरी त्यांचा हात हवेतच होता.

*

वनस्पतिशास्त्राच्या वाघमारे मॅडम माझ्या मैत्रीण. त्यांचा लॅपटॉप त्यांच्याइतकाच जुना आहे असं त्या स्वतःच सांगतात. त्यावर कॉलेजच्या आवारातल्या झाडांचे कैक वर्षांचे फोटो आहेत. त्यांचा नियम असा की खोलीच्या खिडकीतून जे झाड फुललेलं दिसेल त्याचं नाव पासवर्ड. फुलोरा बदलला की पासवर्ड बदलला.

मध्यंतरी त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दीर्घ रजेवर गेल्या. परत आल्या तेव्हा बाहेर पावसाळा लागलेला, आणि मशीन अडून बसलेलं.

"बदलून देऊ का?" मी विचारलं.

"खबरदार. मला आठवायचंच आहे. गुडघा बदललाय, डोकं नाही."

मग आम्ही दोघी खिडकीशी बसलो. रजेवर गेल्या तेव्हा उन्हाळा नुकता सुरू होत होता. पांगारा? तो संपत आला होता. बहावा? त्याला अजून अवकाश होता. "शेवटच्या दिवशी मी खिडकी लावायला उठले," त्या म्हणाल्या, "आणि एक कावळा बसला होता. कशावर बसला होता? फांदीला पान नव्हतं." त्यांनी खिडकीच्या कडीला हात लावून बघितला. "काटेसावर. त्याच्या फुलातलं पाणी पीत होता."

काटेसावर टाकलं. चूक.

"थांबा, पुढं आकडा लागतो," त्या म्हणाल्या. "आकड्याशिवाय हे मशीन घेत नाही, म्हणून मी पाकळ्यांची संख्या टाकते. पाच."

उघडलं. मी म्हटलं, "वाघमारे मॅडम, पांगाऱ्याला किती पाकळ्या?"

"पाच."

"बहाव्याला?"

"पाच."

"मग यात सुरक्षितता ती काय?"

"अहो, ते ओळखायला आधी कुणीतरी झाडाकडे बघायला नको का?"

त्या दिवशी निघताना त्यांनी माझा हात धरला. "त्यांच्या आवडीचं झाड कोणतं होतं?" मी म्हटलं, कडुनिंब. घरी येऊन टाकून बघितलं. पाकळ्यांसकट. हिंट आली.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "लागलं का?" रेडिओ लागला का, अशा आवाजात. मी म्हटलं, लागेल.

*

आमची मुलगी मित्रा हिंजवडीला नोकरी करते. तिच्या कंपनीत पासवर्डला मागासलेपणा समजतात. सगळं बोटाच्या ठशावर. मैत्रिणीच्या लग्नाला जाऊन आली, दोन्ही हातांवर भरगच्च मेंदी, आणि सोमवारी मशीन तिचं बोट ओळखेना.

तिनं कंपनीच्या मदत कक्षाला फोन लावला. ते म्हणाले, तुम्ही तुम्हीच आहात असं तुमच्या मॅनेजरनं कळवायला हवं. मॅनेजर कुठं? कंपनीच्या बसमध्ये. बस कुठं? पुलाच्या अलीकडं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती पुलाच्या अलीकडंच होती.

संध्याकाळी घरी येऊन पर्स टाकत म्हणाली, "आई, मी ऑफिसात होते, मशीन ऑफिसात होतं. फक्त मी कोण आहे, ते बसमध्ये अडकलं होतं."

मग बाबांच्या टेबलाशी जाऊन बसली. आपला वाढदिवस टाकला, माझा टाकला, लग्नाची तारीख टाकली. हे सगळं आम्ही आधी कितीदा तरी टाकलेलं होतं, पण अधूनमधून ती परत टाकते. मी तिला अडवत नाही. आजीनं तिच्या हातावरची मेंदी बघितली आणि नागपूरची गोष्ट सुरू केली. गाडीतून उतरेपर्यंत आली. मित्रानं पाठ वळवून कीबोर्ड पुसायला घेतला.

*

आणि मग कॉलेजनं समिती नेमली.

हे मी मनानं रचून सांगत नाहीये. आमच्याकडे पंखा बंद पडला तरी समिती नेमतात. वाघमारे मॅडमनी स्टाफरूममध्ये ह्यांच्या मशीनचा विषय काढला आणि प्राचार्य म्हणाले, "हा एकट्यादुकट्यानं सोडवायचा प्रश्न नाही." अध्यक्ष प्राचार्य, सचिव आपटे सर, सदस्य ढोले सर आणि वाघमारे मॅडम. मला निमंत्रित म्हणून बोलावलं.

मला वाटलं होतं, मला अवघडल्यासारखं होईल. तसं झालं नाही. चौघंही अत्यंत गंभीरपणे बसले होते. उपीट मागवलं होतं.

"सरांचा दिनक्रम सांगा," ढोले सर म्हणाले. "सकाळपासून."

मी सांगितला. उठायचे, फिरायला जायचे नाहीत, चहा घ्यायचे, मग मशीनवर बसायचे.

"किती वेळ?"

"मी हाक मारेपर्यंत."

"त्यांना कोणत्या गोष्टीचा अभिमान होता?" प्राचार्यांनी विचारलं.

"आईंचा."

"तो शब्द टाकून बघितला?"

"पहिल्याच दिवशी."

वाघमारे मॅडम म्हणाल्या, "हिला माहीत आहे, असं लिहिलंय त्यांनी. म्हणजे तुमच्याबद्दलचंच काहीतरी. तुमच्यातलं त्यांना काय आवडायचं?"

खोलीत सगळे उपिटाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मॅडम, सत्तावीस वर्षांत तसं ते कधी बोलले नाहीत. चहा चांगला झाला तर कप लवकर रिकामा करायचे."

आपटे सर सगळं लिहून घेत होते. प्रत्येकानं एकेक शब्द सुचवला. मी घरी जाऊन सगळे टाकले. एकही लागला नाही. दुसऱ्या दिवशी तसं कळवल्यावर प्राचार्य म्हणाले, "समितीला मुदतवाढ देण्यात येत आहे."

आपटे सरांनी विचारलं, "कधीपर्यंत?"

"उघडेपर्यंत," प्राचार्य म्हणाले. आमच्या कॉलेजच्या इतिहासात एवढं स्पष्ट उत्तर कुठल्याच समितीला मिळालेलं नाही.

*

ह्यांना जाऊन वर्ष झालं, त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीची गोष्ट. वंदनेसाठी भन्तेजी दहाला येणार होते. त्याआधी समोरची खोली आवरायची होती. मित्रा टेबल पुसत होती. पुसता पुसता ह्यांच्या खुर्चीत बसली आणि मशीन चालू केलं. आई खिडकीशी वाटाणे सोलत बसल्या होत्या. मी आत खिरीला दूध आटवत होते.

आमचं घर बैठं आहे. सकाळी महापालिकेचं पाणी आलं की मोटर लावायची आणि गच्चीवरची टाकी भरली की बंद करायची. बटण त्या टेबलाच्या शेजारीच आहे, खुर्चीवरून हात पोचेल असं. टाकी भरली की पाणी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडायला लागतं आणि सगळ्या गल्लीला कळतं.

पत्र्यावर पाणी पडायला लागलं. मी डाव धरून उभी, दूध वर येत होतं. स्वयंपाकघराच्या दारातून त्या खुर्चीची पाठ दिसते. खुर्चीत कुणीतरी बसलेलं होतं.

"अहो, मोटर बंद करा," मी म्हटलं.

कुणी हललं नाही. पत्र्यावर पाणी तसंच पडत होतं. मग माझं मलाच ऐकू आलं, मी काय म्हणाले ते. मी गॅस बारीक केला.

"आई," मित्रानं बाहेरून हाक मारली. तिनं मागं वळून बघितलं नव्हतं. "आत्ता काय म्हणालीस?"

"काही नाही गं. मोटर बंद कर म्हटलं."

"तसं नाही. जसं म्हणालीस, तसंच सांग."

मी सांगितलं. या वेळी जरा हळू.

ती टाईप करत होती ते ऐकू येत होतं. मधे जागा न सोडता, सलग. मी डाव तसाच हातात घेऊन दारापर्यंत आले. मशीनमधून तो चालू झाल्याचा सूर आला. वर्षभर आमच्या घरात तो वाजला नव्हता.

मित्रानं फोल्डर शोधलं. आत ओळीनं सगळे रविवार होते. तिनं तारीख न बघताच मधलं एक उघडलं. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी घसा साफ केला. आणि मग ह्यांचा आवाज, अगदी त्या टेबलापाशीच असल्यासारखा:

"हं, आई. चालू केलंय. गाडीतून उतरलात. मग?"

आईंनी मान वर केली नाही. हातातली शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले.

"सांगते," त्या म्हणाल्या. "आधी ती मोटर बंद कर."